जुन्या लढाऊ विमानांची पुस्तकं आणि त्यातल्या आकड्यांचा प्रवास

एकाच विमानाचा टॉप स्पीड तीन पुस्तकांत तीन वेगळा दिसला की कुणीतरी चुकलंय असं वाटतं, पण बऱ्याचदा तिघांनीही आकडा वेगवेगळ्या ठिकाणाहून उचललेला असतो आणि कुठून ते सांगितलेलं नसतं, खरी अडचण तिथे आहे.

असे आकडे देणाऱ्या पुस्तकांची परंपरा तशी युद्धनौकांवरून आली. फ्रेड जेन नावाच्या इंग्रज माणसाने १८९८ मध्ये जगभरच्या युद्धनौकांचं पुस्तक काढलं आणि १९०९ मध्ये हवेत उडणाऱ्या यंत्रांचं. अशा वार्षिक पुस्तकांना बरीचशी माहिती बनवणाऱ्या कंपन्यांकडूनच मिळायची, मग दावा कुठला आणि प्रत्यक्ष मोजलेलं कुठलं हे वाचकाला कळणार कसं?

दुसऱ्या महायुद्धात गरजच बदलली. डोक्यावरून जाणारं विमान आपलं की शत्रूचं हे काही सेकंदात ओळखायचं होतं, म्हणून काळ्या आकृत्यांच्या पुस्तिका निघाल्या. त्या कामाच्या होत्या, पण शत्रूने पसरवलेली माहितीही त्यांत शिरली. हाइनकेल या जर्मन कंपनीच्या तथाकथित ‘११३’ विमानाचा किस्सा बघा. हाइनकेल १०० डी-१ ही जेमतेम १२ विमानं बनली होती, तीच जर्मनांनी वेगवेगळी चिन्हं रंगवून फोटोत दाखवली आणि नवीन फायटर आलंय असा प्रचार केला. १९४० मध्ये ब्रिटिश पायलट ११३ शी लढल्याचे रिपोर्ट देत होते, ओळख पुस्तिकांत त्याचं चित्र आलं, आणि असं विमान कुठल्याच स्क्वाड्रनमध्ये नव्हतं!

युद्धानंतर मॉडेल बनवणाऱ्यांमुळे आणि हौशी वाचकांमुळे पुस्तकांचा पूर आला, पण फाइली बंदच. ब्रिटनमध्ये १९५८ च्या कायद्याने सरकारी कागद ५० वर्षं बंद असायचे, १९६७ मध्ये ते ३० वर झालं, आणि महायुद्धाच्या बहुतेक फाइली १९७२ मध्ये खुल्या झाल्या. जर्मन हवाई दलाचे ढीगभर कागद तर युद्ध संपताना जाळले गेले. सोव्हिएत अर्काइव्ह १९९१ नंतर उघडायला लागले आणि पूर्व आघाडीबद्दलचं लिखाण पार बदललं. म्हणून पुस्तक हातात आलं की मी आधी छापल्याचं साल बघतो. १९६५ चा लेखक कितीही मेहनती असला तरी जे कपाटात कुलूपबंद होतं ते तो कुठून आणणार.

दोन्ही बाजूंचे कागद बघणं किती गरजेचं आहे हे १५ सप्टेंबर १९४० वरून कळतं. त्या दिवशी १८५ जर्मन विमानं पाडली असं ब्रिटनने जाहीर केलं होतं, नंतर जर्मन नोंदी तपासल्या तर आकडा ६० च्या आसपास निघाला. कुणी मुद्दाम खोटं बोललं असंच नाही, हवेतल्या गोंधळात एकच विमान दोघातिघांच्या खात्यावर जातं.

आता स्पीडकडे येतो. १९४० मध्ये स्पिटफायर या ब्रिटिश फायटरला ८७ ऐवजी १०० ऑक्टेन, म्हणजे जास्त दाब सहन करणारं पेट्रोल मिळालं आणि त्याच्या मर्लिन इंजिनचा बूस्ट, म्हणजे इंजिनात कोंबलेल्या हवेचा जादा दाब, दर चौरस इंचाला सव्वासहा पौंडांवरून १२ पर्यंत नेता आला, त्यामुळे खालच्या उंचीवर तेच विमान चांगलंच जोरात पळायला लागलं, खूप वर मात्र फरक पडत नव्हता. म्हणजे उंची, इंजिन, वजन आणि पेट्रोल न सांगता नुसता स्पीड छापला तर तो आकडा तुलनेला काहीच कामाचा नाही. चांगलं पुस्तक हे चारही देतं आणि कुठल्या टेस्टचा रिपोर्ट तेही सांगतं.

रंगांच्या बाबतीत तर मला जास्तच काळजी वाटते. पहिल्या महायुद्धातली बरीच फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती, तिच्यावर लाल जवळजवळ काळा, पिवळा गडद आणि निळा फिकट उमटतो. अशा फोटोवरून काढलेलं रंगीत चित्र कितीही देखणं असलं तरी त्यात अंदाज असतोच, आणि ज्या लेखकाने चित्राखाली मूळ फोटो कुठला ते देऊन शेपटीचा रंग 'बहुधा' लाल असं लिहिलंय त्याच्या बाकीच्या पानांवरही मी जास्त विश्वास ठेवतो.