पिंगळा की रानपिंगळा?

मेळघाटाहून आलेला मित्र मोबाइल पुढे करतो, "भर दुपारी दिसला, म्हणजे रानपिंगळाच!" कशावरून? आपला गावातला साधा पिंगळा, म्हणजे ते छोटं घुबड, तेही दुपारी ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतं आणि जवळ गेलं की मान वरखाली करत टकामका बघतं. त्याचा दुर्मिळ जंगली भाऊबंद रानपिंगळा दिवसा शिकार करतो हे खरं, पण घड्याळ बघून पक्षी ओळखता येत नाही.

आधी डोकं बघा. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडलेला असतो. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. ठिपके असलेच तर बारीक, फिके. मग छाती. रानपिंगळ्याच्या छातीवर गडद तपकिरी, जवळपास सलग पट्टा असतो आणि त्याखाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. पिंगळ्याचं पोट मात्र तपकिरी खुणांनी भरलेलं. रानपिंगळ्याची चोच दणकट, आणि पायांवर पांढरी पिसं इतकी दाट की मोजे घातल्यासारखे वाटतात. फोटोत डोकं आणि छाती दोन्ही पानाआड गेली असतील, तर 'पिंगळा, जात नक्की नाही' असं लिहून मोकळं व्हावं.

एवढी काटेकोरी कशाला? १८८४ नंतर रानपिंगळा कुणाला सापडत नव्हता. अपवाद एकच, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याचा १९१४ सालचा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून दिलेला नमुना. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो तपासला, तर ते पक्ष्यांचे नमुने गोळा करणाऱ्या जेम्स डेव्हिडसन यांनी एकोणिसाव्या शतकात खानदेशात मिळवलेलं कातडं निघालं, चोरून नव्याने भरलेलं! मांडवीची ती नोंद खोडली, जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला.

उलट, 'आमच्याकडे तो नसतोच' म्हणून नोंद झटकूही नये. ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात तो २०१४ मध्ये सापडला, तेव्हा भलेभले चकित झाले होते.

तेव्हा नोंद करताना तारीख, वेळ, झाड कुठलं, पक्षी काय करत होता हे लिहा. फोटो धूसर असला तरी मूळचाच जोडा, रंग चढवलेला नको. आवाजाची रेकॉर्डिंग वाजवून त्याला बाहेर काढू नका. ढोली सापडली तर तिची जागा वनखात्याला कळवा, व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नका.