पुराची रेघ आणि तिच्या वर चढलेलं पाणी

गोदावरीला पूर आला की नाशिककर आधी विचारतो, "दुतोंड्या मारुतीला कुठवर लागलंय?" गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. रामकुंडाजवळची ही मूर्ती म्हणजे गावाची मोजपट्टी. ऑगस्ट २०१९ मध्ये तर पाणी तिच्या डोक्यावरून गेलं. पूर ओसरला की पंचवटीत, सराफ बाजारात, भांडी बाजारात घराघरांच्या भिंतींवर मातकट रेघ उरते. पाणी इथवर आलं होतं, असं आपण धरून चालतो. भिंतीच्या आत मात्र ते त्याच्याही वर गेलेलं असतं.

विटेत आणि गिलाव्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं त्यांतून पाणी चढतं. छिद्र जितकं बारीक, तितकी चढण उंच. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी त्रिज्या असलेल्या नळीत पाणी सुमारे दीड मीटर चढू शकतं, असं गणित सांगतं. प्रत्यक्षात बाष्पीभवनामुळे ते खालीच थांबतं, तरी रेघेच्या वर हातभर ओल सहज सापडते.

पण पूर ओसरल्यावर घर सावरताना या ओलीच्या आधी गाळ. आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली, आणि तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर. तिचे कण पत्त्यांच्या जुडीसारखे थरांचे असतात. थरांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते, वाळली की आकसून दगडासारखी घट्ट होते. म्हणून गाळ ओला असतानाच फावड्याने आणि खराट्याने काढायचा. दोन दिवस थांबलात तर त्याच कामाला दुप्पट घाम गाळावा लागेल. मुख्य स्विच बंद असल्याची खात्री आधी करा. पायात गमबूट आणि हातात मोजे हवेतच: उंदरांच्या मुतातून पाण्यात आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू कातडीवरच्या साध्या खरचटीतूनही शिरतात.

ब्लीचिंग पावडर त्यानंतर. गाळावरच ती फेकणारे खूप दिसतात आणि मला वाईट वाटतं, कारण ती पावडर वाया जाते. गाळातला कुजका पालापाचोळा, सांडपाण्यातली घाण यांच्याशीच क्लोरीनची झटापट होते आणि जंतूंपर्यंत तो पोचतच नाही. फरशी धुवून स्वच्छ केल्यावर ती वापरा. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ती कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

ओल्या गाद्या, भिजलेलं प्लायवूड घरात ठेवून उपयोग नाही. बुरशीला २४ ते ४८ तास पुरतात, आणि पावसाळी हवा तिच्याच बाजूची. ऊन पडलं की खिडक्या सताड उघडा. वायरमनने वायरिंग तपासून दिल्यावर पंखे चालू करा.

सगळ्यात मोठी घाई रंगाची होते. सण तोंडावर आलेला, भिंत वरून कोरडी दिसते, आणि ऑइल पेंट चढतो. आतलं पाणी कोंडलं जातं, महिन्याभरात पोपडे सुटतात. जुन्या वाड्यांचा चुन्याचा गिलावा वाफ बाहेर जाऊ देतो, त्यावर सिमेंट थापू नये. पाणी बाहेर येताना विटेतले क्षार घेऊन येतं, तोच पांढरा लोणा. तो कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा आत जातो.

भिंत वाळली का, हे असं पाहा: फूटभर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि एक दिवस सोडा. आतून थेंब दिसले तर रंगाऱ्याला अजून बोलावू नका, दोन आठवड्यांनी तोच तुकडा पुन्हा लावून बघा.