डेटाबेसमधला सर्च आणि स्ट्रक्चर्ड डेटा

डेटाबेसमधला सर्च म्हणजे टेबलांत, रकान्यांत भरलेल्या माहितीतून, म्हणजेच स्ट्रक्चर्ड डेटातून, हवी ती नोंद शोधून काढणं. माहिती आधीच नीट लावलेली असते तर वेगळं सर्च इंजिन कशाला, असं कुणालाही वाटेल, पण गोम अशी आहे की डेटाबेसला नेमका प्रश्न लागतो आणि माणसं अर्धवट विचारतात.

संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवायची पद्धत, मांडलं, डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा एसक्यूएल त्यावरच उभी आहे. ग्राहक क्रमांक ४५१२ कोण असं विचारलं की बी-ट्री इंडेक्समुळे, म्हणजे फांद्याफांद्यांनी क्रमाने लावलेल्या सूचीमुळे, लाखो ओळींतली ती एक ओळ मोजक्या उड्यांत सापडते. पण 'वर्णनात कुठेही सायकल असलेल्या नोंदी दे' म्हटलं, म्हणजे एसक्यूएलमधला लाइक हा शब्द लावून शोधशब्दाच्या दोन्ही बाजूंना 'इथे काहीही चालेल' असं सांगणारं टक्क्याचं चिन्ह टाकलं, की हा इंडेक्स कुचकामी, कारण तो शब्दकोशासारखा पहिल्या अक्षरापासून लावलेला असतो, मग बिचारा डेटाबेस एकेक ओळ वाचत बसतो.

म्हणून सर्च इंजिन स्वतःचा इन्व्हर्टेड इंडेक्स बनवतं, पुस्तकाच्या शेवटी असते ती शब्दसूचीच समजा. नोंद १ 'निळी सायकल', नोंद २ 'सायकल पंप' आणि नोंद ३ 'निळा पंप' असेल तर सायकलपुढे १, २ आणि पंपपुढे २, ३ असं लिहिलेलं असतं, दोन्ही शब्द शोधले की दोन्हीकडे कॉमन असलेली नोंद २ वर येते. सगळीकडे सापडणाऱ्या शब्दाला वजन कमी आणि दुर्मिळ शब्दाला जास्त, ही संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांची १९७२ मधली कल्पना, निकालांचा क्रम लावणाऱ्या आजच्या बीएम२५ फॉर्म्युल्यातही तीच आहे. ल्युसीन ही सर्चची सॉफ्टवेअर लायब्ररी आणि तिच्यावर बांधलेलं इलॅस्टिकसर्च हे सर्च इंजिन याच पद्धतीने चालतात.

मराठीत खरी पंचाईत होते. 'निळी' आणि 'निळा' हे मशीनला दोन वेगळे शब्द, 'पाणी' शोधलं तर 'पाण्यात' सापडेलच असं नाही, आणि 'दऱ्या'मधला ऱ्य तर युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना कोड देणाऱ्या पद्धतीत, दोन प्रकारे टाइप होतो, दिसायला सेम पण आत कोड निराळे! हे सगळं आधी एकसारखं करून घ्यावं लागतं. शिवाय इंडेक्स वेळेवर अपडेट झाला नाही तर डेटाबेसमधून उडवलेली नोंद सर्चमध्ये भुतासारखी दिसत राहते.

वेबवर प्रकरण वेगळं. क्रॉलर, म्हणजे सर्च इंजिनसाठी पानं गोळा करणारा प्रोग्राम, लिंकांवरून फिरतो, सर्च फॉर्म सहसा भरत नाही, त्यामुळे फॉर्ममागचा डेटा बराचसा त्याच्या नजरेआडच राहतो. जी पानं त्याला दिसतात त्यातही २०१२ हा आकडा साल आहे की किंमत हे कळावं म्हणून गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११ मध्ये स्कीमा डॉट ऑर्ग ही सामायिक शब्दावली आणली. ती पानाच्या कोडमध्ये बहुतेकदा जेसन-एलडी या मशीनला वाचता येणाऱ्या स्वरूपात टाकतात, मग निकालातच किंमत, रेटिंग, तारीख दिसते. अर्थात लोक खोटे पाच स्टारही टाकतात, म्हणून वाचकाला पानावर दिसतं तेच मार्कअपमध्ये, म्हणजे कोडमधल्या या खुणांमध्ये, हवं असा गूगलचा नियम आहे, पकडलं गेलं तर ते स्टार निकालातून गायब होतात.