‘विलीनीकरण’ म्हणजे नेमके काय? एसटी संपामागच्या वादाची पार्श्वभूमी

२०२१च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू होऊन २०२२च्या एप्रिलपर्यंत लांबलेल्या एसटी संपाची हकिगत महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक आहे. सुमारे २५० आगारे, ९० हजारांहून अधिक कर्मचारी, ऐन दिवाळीत बंद पडलेल्या गाड्या आणि पाच महिन्यांहून अधिक काळ पगाराविना राहिलेली घरे, हे सारे वर्तमानपत्रांतून पुष्कळ आले. त्या मानाने ज्या एका शब्दाभोवती हा संप फिरत राहिला, तो ‘विलीनीकरण’ (म्हणजे ढोबळमानाने एसटीला राज्य सरकारमध्ये सामावून घेणे) हा शब्द फारसा उलगडून सांगितला गेला नाही. मागणी करणारे, ती नाकारणारे आणि तिला पाठिंबा देणारे राजकीय पक्ष हा शब्द आपापल्या अर्थाने वापरत होते. त्या अर्थांच्या मुळाशी सार्वजनिक क्षेत्रातल्या कामगाराने आपला पगार कोणाशी आणि कोणामार्फत ठरवायचा, हा जुना प्रश्न आहे.

एसटीचा कर्मचारी हा सरकारी नोकर नाही आणि खासगी कारखान्यातला कामगारही नाही. महामंडळ १९५०च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली चालते. भाडेवाढ, सवलती, नव्या गाड्यांची खरेदी, सेवाशर्तींचे विनियम या सर्वांवर राज्य सरकारचा हात असतो. परंतु पगार मात्र सरकारच्या वेतन आयोगाने ठरत नाही, तो मान्यताप्राप्त संघटना आणि प्रशासन यांच्यातील चार वर्षांच्या वेतन कराराने ठरत आला. करारावर सही प्रशासनाची आणि पैशाचा निर्णय मंत्रालयाचा, ही विसंगती त्या रचनेत पहिल्यापासून आहे. वाटाघाटीच्या टेबलावर समोर बसणाऱ्या अधिकाऱ्याला शेवटचा आकडा देण्याचा अधिकार नसेल, तर वाटाघाट हळूहळू निवेदनात बदलते, आणि एसटीत नेमके तेच होत गेले.

संघटनेकडून कोण बसणार, हे १९७१च्या कायद्याने ठरवले. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित प्रथांना प्रतिबंध, अशा दुहेरी हेतूने महाराष्ट्राने केलेला हा कायदा देशात वेगळा मानला जातो, कारण मालकाने संघटनेशी बोलणे हे त्याने मालकाच्या मर्जीवर सोडले नाही. अर्जाआधीच्या सलग सहा महिन्यांत किमान ३० टक्के सभासदत्व दाखवणारी संघटना औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळवू शकते, आणि ती मिळाली की सर्वांच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिच्याकडे जातो. मात्र हे सभासदत्व वर्गणीच्या पावत्या आणि नोंदवह्या तपासून ठरते, गुप्त मतदानाने नव्हे. ज्या ७० टक्क्यांनी पावती फाडलेली नसेल त्यांचे मत कोठे नोंदवायचे, हा सवाल तेव्हापासून विचारला जात आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९८२मध्ये ज्या चिडीने प्रातिनिधिक संघटनेला झुगारले, ती याच जातीची होती, जरी तेथे लागू असलेला कायदा १९४६चा आणि वेगळा होता.

याच १९७१च्या कायद्याने संपालाही चौकट घातली. चौदा दिवसांची नोटीस हवी; मान्यताप्राप्त संघटना असेल तर सभासदांच्या बहुमताचा कौल हवा; करार लागू असताना त्याच विषयावर संप केला तर तो बेकायदा. संप बेकायदा ठरवल्यानंतर ४८ तासांत मागे घेतला, तर तो बेकायदा समजला जात नाही, अशी एक उदार तरतूदही त्यात आहे. पण बेकायदा संपाला चिथावणी देणाऱ्या संघटनेची मान्यता जाऊ शकते. परिणामी मान्यताप्राप्त संघटना सावध राहते, इतर संघटना आक्रमक होतात पण त्यांना टेबलावर जागा नसते, आणि कामगार दोघांकडेही संशयाने पाहू लागतो. कायद्याचा हेतू चांगला होता, हे मान्य करूनही हा परिणाम नाकारता येत नाही.

२०१७च्या ऑक्टोबरमध्ये, तेव्हाही दिवाळीतच, चार दिवसांचा संप झाला. मुख्य मागणी सातव्या वेतन आयोगाप्रमाणे वेतन ही होती. उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला आणि गाड्या सुरू झाल्या. पुढील जूनमध्ये तत्कालीन परिवहनमंत्र्यांनी ४,८४९ कोटी रुपयांची वेतनवाढ परस्पर जाहीर केली. तिच्या वाटपावर संघटनांशी एकमत झाले नव्हते, आणि काही दिवसांतच आगारे अचानक बंद पडली. रक्कम मोठी होती, यात शंका नाही. परंतु जी गोष्ट करारातून यायची ती घोषणेतून आली, आणि करार करणारी संघटना कामगारांच्या नजरेत आणखी लहान झाली. माझ्या मते २०२१च्या घटनांचे बीज कोविडकाळातल्या थकलेल्या पगारांइतकेच या घोषणेतही आहे.

२०२१चा संप एसटीतल्या संघटनांच्या संयुक्त कृती समितीच्या उपोषणाने सुरू झाला. एक-दोन दिवसांतच २८ टक्के महागाई भत्ता आणि वाढीव घरभाडे भत्त्यावर तडजोड झाली व संघटनांनी आंदोलन मागे घेतले. कर्मचाऱ्यांनी मात्र ते मागे घेतले नाही. आगारामागून आगार बंद होत गेले, संघटनांचे नेते बाजूला पडले, आणि ‘आमचा संघटनांशी संबंध नाही’ असे कर्मचारी उघडपणे सांगू लागले. न्यायालयांनी संपाला मनाई केलेली असल्याने त्यांनी आपल्या कृतीला संप म्हणायचेच नाकारले; आत्महत्या केलेल्या सहकाऱ्यांचा हा ‘दुखवटा’ आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली. कायद्याच्या भाषेत या शब्दाला फारसे बळ नव्हते. माणसे मात्र खरोखरच दुःखात होती, आणि कायद्याने दिलेला एकही शब्द त्यांना आपला वाटत नव्हता, एवढे त्यातून दिसले.

याच वातावरणात ‘विलीनीकरण’ ही एकमेव मागणी उरली. तिचे किमान तीन अर्थ होते. पहिला, महामंडळच बरखास्त करून एसटीला राज्य सरकारचे एक खाते बनवणे. दुसरा, महामंडळ कायम ठेवून फक्त कर्मचाऱ्यांना सरकारी सेवेत सामावून घेणे. तिसरा, नाव काहीही असो, पगार आणि भत्ते सरकारी कर्मचाऱ्यांइतके देणे व ते वेळेवर मिळतील याची हमी सरकारने घेणे. आगारात बसलेल्या बहुतेक चालक-वाहकांना तिसरी गोष्ट हवी होती, व्यासपीठावरून पहिली मागितली जात होती, आणि आंध्र प्रदेशाचा जो दाखला वारंवार दिला जाई तो दुसऱ्या अर्थाचा होता. तेथे १ जानेवारी २०२० पासून ५० हजारांहून अधिक कर्मचारी सरकारी विभागात गेले; महामंडळ आणि त्याची मालमत्ता जागेवर राहिली. शेजारच्या तेलंगणात २०१९मध्ये याच मागणीसाठी ५२ दिवसांचा संप झाला. तो काहीही पदरात न पडता मागे घ्यावा लागला, आणि सामावून घेण्याचा कायदा तेथे २०२३मध्ये झाला.

उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नेमलेल्या त्रिसदस्यीय समितीपुढे विलीनीकरणाची मागणी गेली, आणि तिने ती नाकारली. वेतनासाठी चार वर्षे अर्थसंकल्पातून साहाय्य द्यावे, अशी शिफारस तिने केली. म्हणजे तिसऱ्या अर्थाचा काही भाग मुदतीपुरता मान्य झाला. दरम्यान, नोव्हेंबर २०२१मध्ये सरकारने सेवाकाळानुसार मूळ वेतनात ५,०००, ४,००० आणि २,५०० रुपयांची वाढ जाहीर केली होती. समितीचा अहवाल मार्च २०२२मध्ये विधिमंडळापुढे आला आणि एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर हजर राहण्यास सांगितले. निलंबित आणि बडतर्फ झालेल्या हजारो जणांचे परतणे त्यातून शक्य झाले.

त्या महिन्यांत ज्या प्रश्नाची चर्चा जवळजवळ झाली नाही, तो असा: सरकारी कर्मचारी झाल्यावर वाटाघाटीच्या हक्काचे काय? संघटना करण्याच्या स्वातंत्र्यात परिणामकारक सामुदायिक वाटाघाटीची हमी अंतर्भूत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१मध्येच म्हटले होते. तमिळनाडूने २००३मध्ये दीड लाखांहून अधिक संपकरी कर्मचाऱ्यांना एका झटक्यात काढले, तेव्हा सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत, वैधानिक किंवा नैतिक अधिकारही नाही, असे त्याच न्यायालयाने सांगितले. संघटना स्वातंत्र्य आणि सामुदायिक वाटाघाट यांविषयीचे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार भारताने मान्य केलेले नाहीत, आणि त्यामागे सरकारी नोकरांवरील हेच निर्बंध आहेत. सरकारी सेवेत वेतन आयोग शिफारस करतो आणि सरकार ती स्वीकारते किंवा नाकारते. तेथे दोन्ही बाजूंच्या सह्यांचा वेतन करार नसतो. पुण्याजवळच्या वनखात्याच्या योजनेवरील मजुरांच्या प्रकरणात १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी खात्यालाही ‘उद्योग’ मानून १९७१च्या कायद्याचे संरक्षण दिले होते, त्यामुळे सर्वच हक्क संपले असते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरीही चालक-वाहक कराराचा हक्क देऊन आयोगाची हमी मागत होते, आणि ही देवघेव त्यांना कोणी स्पष्ट करून सांगितली नाही. पगारच वेळेवर न मिळालेल्या माणसाने कराराच्या हक्काला किती किंमत द्यायची, हे बाहेर बसून ठरवणे मात्र मला योग्य वाटत नाही.

सरकारी सेवेतही संघर्ष टळत नाही, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. केंद्राप्रमाणे महागाई भत्त्यासाठी राज्य कर्मचाऱ्यांनी १९७७-७८मध्ये ५४ दिवसांचा संप केला होता. जुन्या निवृत्तिवेतनासाठी मार्च २०२३मध्ये पुन्हा संप झाला, तो आठवडाभरात मागे घेतला गेला, आणि त्याही वेळी उत्तर म्हणून समितीच मिळाली. त्याच अधिवेशनात अत्यावश्यक सेवांच्या संपांना आळा घालणारा मेस्मा कायदा नव्याने मंजूर झाला.

एसटीत २०२४च्या सप्टेंबरमध्ये, गणेशोत्सवाच्या तोंडावर, पुन्हा गाड्या थांबल्या आणि दोन दिवसांत मुख्यमंत्र्यांबरोबरच्या बैठकीत मूळ वेतनात ६,५०० रुपयांची वाढ मान्य झाली. निर्णय पुन्हा टेबलाच्या पलीकडच्या खोलीत झाला. नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या केंद्राच्या औद्योगिक संबंध संहितेत एकमेव वाटाघाटी संघटना होण्यासाठी ५१ टक्के सभासदत्वाची अट आहे. तेवढे कोणाकडेच नसेल तर किमान २० टक्के सभासद असलेल्या संघटनांची परिषद बोलणी करील. महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्याचे नाव त्या संहितेने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत नाही. डझनावारी संघटनांत वाटल्या गेलेल्या एसटीत यापुढे ३० टक्क्यांची जुनी फूटपट्टी चालणार की ५१ टक्क्यांची नवी, यावर पुढच्या वेतन कराराला बसणारी माणसे ठरणार आहेत.