हद्दीबाहेरचा बाजार: आठवडी जुन्या बाजाराची पार्श्वभूमी

जुन्या वस्तूंच्या आठवडी बाजारात उजाडण्यापूर्वीच विजेरी घेऊन हिंडणारे हौशी ग्राहक, जमिनीवर पसरलेल्या चादरीवरच्या ढिगात हात घालून काहीतरी उचलणे, भाव पाडणे आणि दुपारी तिथेच कुटुंबासह रेंगाळणे हे दृश्य आज जगातल्या अनेक शहरांत इतके रुळलेले आहे, की असा बाजार मुळात करमणुकीसाठीच भरत आला असावा असे वाटते. त्याचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. शहरांनी कचऱ्यावर जगणाऱ्या माणसांना वेशीबाहेर काढले आणि त्या वेशीवर हा बाजार उभा राहिला. त्यात ‘खजिना’ सापडू लागला तो विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याला वस्तूची अधिक पारख असू शकते अशी स्थिती आल्यावर, आणि मौज आली ती कष्टकऱ्यांना आठवड्याची सुट्टी मिळाल्यावर. या तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या नाहीत.

एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपातील जुन्या मालाचा व्यापार हा प्रामुख्याने कपड्यांचा व्यापार होता. नवे कापड महाग असल्यामुळे एकच कोट तीन-चार मालकांच्या अंगावर झिजत असे. लंडनमध्ये टॉवरच्या किल्ल्याजवळच्या रोझमेरी लेनवर भरणारा चिंध्यांचा बाजार अठराव्या शतकात प्रसिद्ध होता, आणि हाउंड्सडिच भागात १८४३ मध्ये जुन्या कपड्यांसाठी बंदिस्त आवारच उभे राहिले. तिथे येणारा माणूस गंमत म्हणून येत नसे. हिवाळ्यापूर्वी अंगावर घालायला काहीतरी हवे म्हणून येत असे. आजचा हौशी ग्राहक त्या गर्दीत फार तर एखादा उपरा ठरला असता.

पॅरिसची कथा अधिक तपशिलाने सांगण्यासारखी आहे, कारण आजच्या जुन्या बाजाराचा नमुना तिथे घडला. त्या शहरातील चिंधीवाले पाठीवर वेताची टोपली, हातात लोखंडी आकडा आणि कंदील घेऊन रात्री रस्त्यावर टाकलेला कचरा उपसत. त्यांची संख्या हजारोंत होती आणि पोलीसखात्याने १८२८ पासून त्यांना नोंदणीचा बिल्ला बाळगणे बंधनकारक केले होते. त्यांच्या धंद्याचा कणा म्हणजे सुती आणि तागी चिंध्या, कारण कागद चिंध्यांपासून बनत असे. त्याखेरीज हाडे, काच, धातू यांनाही कारखान्यांत गिऱ्हाईक होते. १८४० च्या दशकात जर्मनीत लाकूड दळून लगदा करण्याची युक्ती निघाली आणि पुढच्या काही दशकांत कागदगिरण्या लाकडाकडे वळल्या, तसतसा चिंधीचा भाव उतरत गेला. टोपलीत वजनावर विकायचा माल कमी किफायतशीर होऊ लागला, की नगावर विकण्यासारख्या वस्तूंकडे, म्हणजे फुटकी घड्याळे, पितळी दिवे, विजोड खुर्च्या, चित्रांच्या चौकटी यांच्याकडे लक्ष वळणे साहजिक होते. जुन्या बाजाराचा जन्म सांगताना नगरपालिकेच्या हुकमांवर जेवढा भर दिला जातो तेवढा कागदाच्या लगद्यावर दिला जात नाही, हे मला अपुरे वाटते.

हुकमांचे महत्त्व अर्थात नाकारता येत नाही. पॅरिस ज्यात येत असे त्या सेन विभागाचे प्रशासक युजेन पुबेल यांनी नोव्हेंबर १८८३ मध्ये आदेश काढला, की प्रत्येक इमारतीच्या मालकाने रहिवाशांसाठी झाकण असलेले कचऱ्याचे डबे ठेवावेत आणि ते ठरलेल्या वेळीच बाहेर आणावेत. रात्रभर रस्त्यावर पडून राहणारा कचरा हेच ज्यांचे शेत, त्यांच्या पोटावर हा पाय होता. चिंधीवाल्यांनी आणि त्यांची बाजू घेणाऱ्या वृत्तपत्रांनी मोठा गदारोळ केला, काही सवलती मिळाल्याही, तरी शहराच्या आत राहून हा धंदा करणे अवघड होत गेले. त्याआधीच घरभाड्यांमुळे आणि जुन्या वस्त्या पाडल्या गेल्यामुळे त्यांतील बरेच जण तटबंदीपलीकडे सरकले होते. १८४० च्या दशकात बांधलेल्या या तटबंदीबाहेर सुमारे अडीचशे मीटर रुंदीचा पट्टा लष्करी कारणासाठी मोकळा ठेवायचा होता; तिथे पक्के बांधकाम करण्यास बंदी होती. झोपड्या मात्र उभ्या राहिल्या. शिवाय वेशीच्या आत येणाऱ्या मालावर जकात होती, आणि बाहेर ती नव्हती. क्लिन्यांकूर दरवाजाच्या पलीकडे, सँ-तुआँ या गावाच्या हद्दीत, चिंधीवाले आपली निवडलेली चीजवस्तू जमिनीवर मांडू लागले आणि पॅरिसकर तटाबाहेर येऊन ती पाहू लागले. १८८५ च्या सुमारास गावाने रस्ते नीट केले आणि मांडणाऱ्यांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली. बाजाराचे अधिकृत जन्मवर्ष म्हणून आज तेच सांगितले जाते.

तिथून तो आठवड्याच्या सहलीचे ठिकाण कसा झाला, याचे उत्तर दोन तारखांत सापडते. फ्रान्समध्ये जुलै १९०६ मध्ये साप्ताहिक सुट्टीचा कायदा झाला आणि कामगार-कारकुनांच्या हाती रविवार आला. एप्रिल १९०८ मध्ये मेट्रोची चौथी मार्गिका क्लिन्यांकूर दरवाजापर्यंत धावू लागली. मोकळा दिवस आणि स्वस्त प्रवास दोन्ही हाताशी आल्यावर पैसे फारसे खर्च न करता दिवसभर भटकण्याची ही जागा लोकांना सापडली. पाठोपाठ जमीनमालकांनीही संधी ओळखली. १९२० मध्ये व्हेर्नेझाँ नावाच्या मालकाने आपल्या जागेवर टपऱ्यांच्या रांगा बांधून त्या भाड्याने दिल्या. १९२५ मध्ये सुरू झालेल्या बिराँ बाजारात तर चिंधीवाल्याला जागा परवडणे शक्यच नव्हते, तिथे सुस्थितीतले पुराणवस्तू-व्यापारी बसले. ज्यांनी बाजार उभा केला त्यांना पन्नास वर्षांच्या आत भाड्याने बाहेर सरकवले, ही या इतिहासातली फारशी न बोलली जाणारी बाजू आहे. आज बाजाराच्या कडेला, पुलाखाली आणि पदपथावर परवान्याविना चादर अंथरणारे जे लोक दिसतात आणि ज्यांना पोलीस अधूनमधून उठवतात, ते मूळ व्यवसायाचे खरे वारसदार म्हणावे लागतील.

याच काळात शोधण्याच्या आनंदाला पैशांपलीकडचा अर्थही मिळाला. पॅरिसमधील अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्न आणि योगायोग यांत कला शोधणारे, कलावंत सँ-तुआँमध्ये नियमित भटकत. १९३४ मध्ये कवी आंद्रे ब्रेताँ आणि शिल्पकार अल्बेर्तो जाकोमेत्ती यांनी अशाच एका फेरीत एक विचित्र धातूचा मुखवटा आणि दांड्याच्या टोकाला बुटाची आकृती असलेला लाकडी चमचा उचलला. त्यांच्या दृष्टीने त्या वस्तूंचे मोल त्या अवचित भेटीत होते. निरुपयोगी आणि अनोळखी वस्तूसमोर थबकण्याला असे समर्थन मिळाले, आणि नंतरच्या हौशी संग्राहकांनी ते नकळत उचलले.

अन्य शहरांतही बाजाराचा पत्ता शहराच्या नकोशा कोपऱ्यातच सापडतो. माद्रिदचा एल रास्त्रो कत्तलखाना आणि कातडी कमावणाऱ्यांच्या वस्तीत वाढला, आणि आजही रविवारी तो त्याच उतारावर भरतो. लंडनच्या इस्लिंग्टन भागातील कॅलेडोनियन बाजार १८५५ मध्ये गुरांसाठी बांधला गेला. जनावरे नसलेल्या दिवशी रिकाम्या फरशीवर फेरीवाले बसू लागले आणि दोन महायुद्धांच्या दरम्यान गुरांपेक्षा भंगारासाठीच त्याची ख्याती झाली. दुसऱ्या महायुद्धात तो बंद पडल्यावर तिथले व्यापारी थेम्सच्या दक्षिणेला बर्मंडसीत गेले, तर काहींनी पोर्टोबेलो रस्ता धरला. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १८८२ मध्ये दोन कालवे बुजवून वॉटर्लोप्लेन हा चौक तयार झाला आणि आसपासच्या रस्त्यांवर गाड्या लावणाऱ्या ज्यू विक्रेत्यांना तिथे हलवण्यात आले. त्यांच्या धर्मानुसार शनिवार विश्रांतीचा असल्याने बाजार शनिवारी बंद आणि रविवारी भरलेला असे. जर्मन ताब्याच्या काळात त्या वस्तीतील बहुतेक माणसे छळछावण्यांत नेली गेली आणि चौक ओस पडला. युद्धानंतर बाजार पुन्हा भरला, पण तो वेगळ्या लोकांचा होता.

आता खजिन्याविषयी. अशा बाजारात मोलाची वस्तू कवडीमोलाने मिळते ती नशिबामुळे, असे सर्रास सांगितले जाते. त्यामागची व्यवस्था साधी आहे. घर रिकामे करणारा माणूस सगळा माल ठोक भावाने देतो. तो घेणारा प्रत्येक वस्तूवर विचार करत बसत नाही, कारण पुढच्या आठवड्याचा माल येण्यापूर्वी त्याला जागा मोकळी करायची असते. आठवड्याचे चक्र हेच या घाईचे कारण आहे. पहाटे प्रथम व्यापारीच एकमेकांचा माल पाहतात, आणि बरीचशी चांगली वस्तू सामान्य ग्राहक पोहोचण्याआधी दोन हात बदलते. म्हणून विजेरीची गरज.

तरीही काही वस्तू सगळ्यांच्या नजरेतून निसटतात. १९८९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील अ‍ॅडम्सटाउनच्या बाजारात एकाने चौकट आवडली म्हणून चार डॉलरला एक चित्र घेतले. ते उघडल्यावर मागे घडी घातलेला कागद निघाला, आणि तो अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची जॉन डनलॅप यांनी जुलै १७७६ मध्ये छापलेली प्रत ठरला. १९९१ मध्ये लिलावात त्याला २४ लाख २० हजार डॉलर मिळाले आणि २००० मध्ये तीच प्रत ८१ लाखांहून अधिक डॉलरला पुन्हा विकली गेली. त्याहून बोलके उदाहरण रशियाच्या झारसाठी जवाहिरे फाबेर्झे यांच्या कार्यशाळेने १८८७ मध्ये घडवलेल्या सोन्याच्या अंड्याचे आहे. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात एका भंगार व्यापाऱ्याने ते जुन्या बाजारातून सुमारे १४ हजार डॉलरला घेतले, तेही वितळवून सोने विकण्यासाठी. हिशेब चुकला आणि वितळवून नफा होईना, म्हणून अंडे काही वर्षे त्याच्या घरात पडून राहिले. २०१२ मध्ये इंटरनेटवर शोध घेताना त्याला त्याची ओळख पटली. सोन्याचे वजन त्याने पारखले होते, कारागिरी त्याला ओळखता आली नव्हती. २०१७ मध्ये बुखारेस्टमध्ये ४५ हजार युरोला लिलाव झालेले ‘एनिग्मा’ हे सांकेतिक संदेशयंत्रही अशाच बाजारातून १०० युरोला आले होते. ते घेणारा गणिताचा प्राध्यापक होता आणि आपण काय घेत आहोत हे त्याला पुरते ठाऊक होते. या शेवटच्या व्यवहाराला नशीब म्हणणे कठीण आहे.

या कथांना एक काळी कडा आहे. चोरीचा माल जुन्या बाजारात येतो हा संशय बाजाराइतकाच जुना, आणि तो पूर्णपणे निराधार नव्हता. इंग्लंडमध्ये तर शतकानुशतके असा नियम होता, की खुल्या बाजारात सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत सद्भावनेने घेतलेल्या वस्तूवर, ती चोरीची असली तरी, घेणाऱ्याची मालकी टिकावी. लहान गावात चोरलेल्या वस्तूचा मालक बाजारात येऊन ती ओळखू शकेल, या गृहीतावर तो आधारलेला होता; मोटारी आल्यावर ते गृहीत कोसळले. तरी १९९४ च्या दुरुस्ती कायद्यापर्यंत नियम टिकला आणि जानेवारी १९९५ पासून तो संपला. आता खरेदी कितीही निरागस असो, मूळ मालकाचा हक्क सहसा वरचढ ठरतो. अमेरिकेत सात डॉलरला घेतल्याचे सांगितले गेलेले फ्रेंच चित्रकार रेन्वारचे छोटे निसर्गचित्र २०१२ मध्ये लिलावाच्या उंबरठ्यावर थांबले, कारण ते १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या कलासंग्रहालयातून चोरीला गेल्याची नोंद सापडली. २०१४ मध्ये न्यायालयाने ते संग्रहालयाला परत दिले. अनेक देशांत व्यावसायिक विक्रेत्याला प्रत्येक वस्तू कोणाकडून घेतली याची नोंदवही ठेवावी लागते, त्यामागे हाच संशय आहे.

सामुदायिक मौज म्हणून मुद्दाम भरवलेला जुना बाजार ही त्यामानाने अलीकडची गोष्ट आहे. युद्धोत्तर भरभराटीत सामान्य घरांतही वापरापेक्षा जास्त वस्तू साचल्या आणि प्रथमच विकणारा व घेणारा दोघेही एकाच वर्गातले होऊ लागले. जर्मनीत हानोव्हर शहरात १९६७ मध्ये नदीकाठी भरलेला शनिवारचा बाजार पॅरिसचा नमुना डोळ्यांसमोर ठेवून कलावंतांच्या पुढाकाराने सुरू झाला, गरिबांच्या धंद्यातून तो उगवला नाही. अमेरिकेत मोटारीत बसून पाहण्याच्या चित्रपटगृहांची प्रचंड आवारे दिवसा रिकामी असत. तिथे शनिवार-रविवारी अदलाबदलीचे बाजार भरू लागले. ब्रिटनमध्ये मोटारीच्या डिकीतून विकण्याची पद्धत १९७० आणि १९८० च्या दशकांत पसरली. एकाच शेतजमिनीवर विशेष परवानगीविना वर्षात चौदाच दिवस असा बाजार भरवता येत असल्याने तो गावोगाव फिरता राहिला. बर्लिनचा माउअरपार्क बाजार तर शहर दुभागणाऱ्या जुन्या भिंतीलगतच्या मोकळ्या पट्ट्यावर २००४ पासून दर रविवारी भरतो, आणि शेजारच्या दगडी पायऱ्यांवर शेकडो लोक अनोळखी माणसांचे गाणे ऐकायला बसतात. पॅरिसच्या तटाबाहेरचा मोकळा पट्टा आणि हा पट्टा यांतले साम्य लक्षात घेण्याजोगे आहे: सीमारेषेने रिकामी ठेवलेली जमीन स्वस्त असते.

या मौजेलाही कायद्याने मर्यादा घातल्या. फ्रान्समध्ये खासगी माणसाला अशा विक्रीत वर्षातून दोनदाच भाग घेता येतो, आणि तोही स्वतःच्या वापरलेल्या वस्तूंपुरता; घरातील माळा रिकामा करण्याच्या नावाखाली नोंदणी आणि कर टाळून व्यापार होऊ नये, हा त्यामागचा हेतू. १९९५ मध्ये ‘ई-बे’ हे इंटरनेटवरील लिलावाचे संकेतस्थळ सुरू झाल्यानंतर आणि पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आल्यानंतर बाजारातले चित्र आणखी पालटले. पूर्वी जी पारख वर्षानुवर्षे हाताळून येत असे, तिचा बराचसा भाग आता चादरीच्या दोन्ही बाजूंना काही क्षणांत उपलब्ध असतो. त्यामुळे छाप, शिक्का किंवा निर्मात्याचे नाव असलेली वस्तू स्वस्तात मिळणे दुर्मीळ झाले आहे, आणि जाणकारांचा शोध नाव नसलेल्या वस्तूंकडे, हस्तलिखित पत्रांच्या गठ्ठ्यांकडे, अनामिक छायाचित्रांकडे आणि चौकटीच्या मागच्या बाजूकडे वळला आहे.