ब्रिटिश सामाजिक वास्तववादी चित्रपट

ब्रिटनमधील कामगारवर्गाचे काम, घर, वस्ती व फावला वेळ यांचे तत्कालीन आर्थिक परिस्थितीसह चित्रण करणारा चित्रपटप्रवाह. त्याचा बहराचा काळ ढोबळमानाने १९५९ ते १९६३ असा धरतात.

उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काही जण त्याची मुळे ब्रिटिश माहितीपटकार जॉन ग्रिअर्सनप्रणीत माहितीपट चळवळीत शोधतात. ग्रिअर्सनचा हेरिंग मासेमारीवरील ‘ड्रिफ्टर्स’ १९२९ चा. ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’मध्ये (१९३५) लंडनच्या स्टेपनी भागातील रहिवासी आपल्या घरांची दुर्दशा कॅमेऱ्यासमोर स्वतःच सांगतात (या माहितीपटाचा खर्च गॅस उद्योगाने उचलला होता, हेही ध्यानात घ्यावे). दुसरे मत इटालियन नववास्तववादाचे (दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास प्रत्यक्ष स्थळी, बऱ्याचदा अव्यावसायिक नटांना घेऊन केलेल्या इटालियन चित्रपटांचे) ऋण मानते. प्रत्यक्ष स्थळी चित्रीकरण हे साम्य खरेच. मात्र ब्रिटिश चित्रपटांच्या प्रमुख भूमिकांत बहुधा रंगभूमीवर तयार झालेले नट दिसतात. तिसऱ्या मतानुसार उगम १९५० नंतरच्या नाटक-कादंबऱ्यांत आहे. आशयापुरते हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण या काळातील बहुतेक महत्त्वाचे चित्रपट रूपांतरित आहेत. दृश्यशैलीचा धागा मात्र १९५६ मध्ये लंडनच्या नॅशनल फिल्म थिएटरमध्ये सुरू झालेल्या ‘फ्री सिनेमा’ या लघुपट-प्रदर्शनांपर्यंत, आणि त्यांच्यामार्फत माहितीपटांपर्यंत जातो.

या चित्रपटांत इतिहास भाषणांतून येत नाही; तो मजुरीच्या हिशेबातून कळतो. कारेल राइझच्या ‘सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग’चा (१९६०) नायक आर्थर सीटन नॉटिंगहॅमच्या सायकल कारखान्यात लेथवर नग मोजत असतो. नगावर मजुरी असूनही तो वेग वाढवत नाही, कारण काम लवकर उरकले तर व्यवस्थापन दर कापणार. घरी वडील दूरचित्रवाणीसमोर खिळलेले. रोजगार मुबलक, खिशात पैसा, पण कामावर ताबा नाही, ही युद्धोत्तर सुबत्तेची दुसरी बाजू एवढ्या तपशिलांतून उभी राहते. कथेचा लेखक ॲलन सिलिटो याने स्वतः रॅलेच्या सायकल कारखान्यात काम केले होते. चित्रीकरणही तेथेच झाले. मूळ कादंबरीत यशस्वी होणारा गर्भपात सेन्सॉरच्या आग्रहामुळे पडद्यावर फसतो.

लेखक बहुधा कामगार कुटुंबांतील, तर राइझ, टोनी रिचर्डसन, लिंडसे अँडरसन हे दिग्दर्शक ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये शिकलेले. टेकडीवरून दिसणाऱ्या धुरकट शहराची दृश्ये वारंवार येतात, त्यांत बाहेरून आलेल्याची नजर जाणवते. शीला डिलेनीच्या नाटकावरील ‘अ टेस्ट ऑफ हनी’ (१९६१) वगळता स्त्रियांच्या श्रमाकडे व एकटेपणाकडे क्वचितच लक्ष गेले.

१९६३ नंतर ही धारा मुख्यतः दूरचित्रवाणीकडे वळली. केन लोचचा बेघर कुटुंबावरील ‘कॅथी कम होम’ बीबीसीने १९६६ मध्ये दाखवला. त्याच्याच ‘केस’ (Kes, १९६९) या चित्रपटात बार्न्झली या इंग्लंडमधील खाणगावचा शाळकरी बिली खाणीत उतरायचे नाही एवढेच ठामपणे सांगतो, पर्याय मात्र त्याच्यापुढे कोणी ठेवत नाही. लोचच्याच १९९१ च्या ‘रिफ-रॅफ’मध्ये कारखाना व खाण जाऊन लंडनमधील हंगामी बांधकाम मजूर आले.