न हलणारी बिऱ्हाडं आणि लिनक्सची मेमरी

निम्मी मेमरी मोकळी असताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सलग दोन मेगाबाइट द्यायला नकार देतो, हे पहिल्यांदा पाहिलं की खोटंच वाटतं. तेव्हा प्रॉकमधली (कर्नल आपली आतली माहिती दाखवतो त्या फोल्डरमधली) बडीइन्फो ही फाइल उघडावी. डावीकडच्या रकान्यात मोकळ्या सुट्या पेजेसची, म्हणजे मेमरीच्या ४ किलोबाइटच्या तुकड्यांची, संख्या हजारांत, आणि उजवीकडे, मोठ्या तुकड्यांच्या रकान्यांत, ओळीनं शून्यं. जागा भरपूर आहे, पण सगळी चिल्लर.

चिल्लर होऊ नये म्हणून लिनक्स ज्या 'बडी' पद्धतीवर विसंबून आहे, ती मूळची १९६३ची, हॅरी मार्कोविट्झ यांची. हो, तेच, पोर्टफोलिओ सिद्धांतासाठी १९९०मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. बेल लॅब्जच्या केनेथ नोल्टन यांनी १९६५मध्ये ती छापील स्वरूपात मांडली. मोठा तुकडा अर्धा-अर्धा करत द्यायचा, आणि दोन्ही अर्धे मोकळे झाले की पुन्हा सांधायचे. जोड्या मात्र ठरलेल्या. ८ आणि ९ क्रमांकाची पेजेस जोडीदार; ९ आणि १० शेजारी असून, दोन्ही मोकळी असूनही सांधली जात नाहीत. हिशोब झटपट होतो तो याच कडकपणामुळे.

पण ही पद्धत जागा कोण मागतंय हे विचारतच नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. प्रोग्रामचं पेज हलवता येतं: मजकूर दुसरीकडे उतरवायचा, पेज टेबलमधली (कोणतं पेज कुठे आहे याच्या यादीतली) नोंद बदलायची, प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. कर्नलच्या स्वतःच्या बहुतेक पेजेसचं तसं नाही. त्यांचा पत्ता प्रत्यक्ष मेमरीतल्या जागेशी बांधलेला, आणि तो कुठेकुठे लिहून ठेवलाय कोण जाणे. मुंबईकरांना पागडीचा भाडेकरू म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. ५१२ पेजेसच्या तुकड्यात असं एक बिऱ्हाड मधोमध बसलं, की उरलेली ५११ रिकामी असूनही दोन मेगाबाइट सलग मिळत नाहीत.

आयर्लंडच्या मेल गॉर्मन यांनी यावर सुचवलेला उपाय सरळ होता: बिऱ्हाडं आधीच वेगवेगळ्या चाळींत ठेवा. मेमरीचे मोठे ठोकळे पाडायचे (नेहमीच्या ६४-बिट पीसीवर २ मेगाबाइटचे) आणि प्रत्येकावर शिक्का मारायचा: हलणारी, न हलणारी, किंवा गरज पडल्यास टाकून देता येणारी, म्हणजे फाइलनावांच्या कॅशसारखी. २००५मध्ये यावर बराच वाद झाला. गुंतागुंत वाढणार आणि ठाम हमी तर नाहीच, हा आक्षेप होता, आणि तो काही अगदीच चुकीचा नव्हता. हमीसाठी वेगळा 'मूव्हेबल' झोन, म्हणजे फक्त हलणाऱ्या पेजेससाठी राखलेला भाग, कर्नलच्या २.६.२३ या आवृत्तीत आला, शिक्क्यांचे हे गट जानेवारी २००८च्या २.६.२४मध्ये.

माझ्या मते यातला सगळ्यात हुशार भाग म्हणजे नाइलाजाची वेळ. एका गटातली जागा संपली की दुसऱ्याकडून घ्यायची, पण शक्य तितका मोठा तुकडा. उफराटं वाटतं, पण लहान-लहान तुकडे उचलले तर घुसखोरी दहा ठोकळ्यांत पसरेल. मोठा घेतला तर एकाच ठोकळ्यावर निभावतं. निम्म्याहून जास्त ठोकळा गेला तर शिक्काच बदलतात.

२०१०मध्ये २.६.३५बरोबर कॉम्पॅक्शन आलं, म्हणजे हलणारी पेजेस एका टोकाला सरकवून सलग जागा काढणं. त्या आधी ही वर्गवारी झाली नसती, तर त्याला जवळपास प्रत्येक ठोकळ्यात एखादा पागडीवाला भेटला असता. पुढच्याच वर्षी २.६.३८मध्ये साध्या प्रोग्रामांनाही न मागता २ मेगाबाइटची पेजेस मिळू लागली.